गज कुठे अडतो?

गज आत गेला आणि बाहेर येईना.

इंडियाना राज्यातलं कोलंबस गाव, ऑक्टोबरातली शनिवारची दुपार, शेजारच्या म्हाताऱ्याचं गॅरेज. त्याची पन्नास कॅलिबरची ठासणीची रायफल साफ करून देतो असं मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं होतं. मी पुण्यातल्या एका टूलरूममध्ये अकरा वर्षं मायक्रोमीटर हातात धरून काढलेला माणूस. बंदुकीची नळी म्हणजे शेवटी एक लांबलचक भोकच, आणि भोकात काय बसतं, काय बसत नाही हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता. बाजारातून 'पन्नास कॅलिबर' असं छापलेलं साफसफाईच्या सामानाचं पाकीट आणलं. त्यातली पितळी बोंडी गजाच्या टोकाला आट्यांवर बसवली, जुन्या फ्लॅनेलच्या पायजम्याची चौकोनी चिंधी कापली, ओली करून दाबली. जाताना जरा जोर लागला, पण गेली. तळाला टेकली. ओढायला गेलो तर भिंतीत खिळा ठोकावा तशी घट्ट.

म्हातारा स्टुलावर बसून बघत होता. हसला नाही, एवढे उपकार केले. त्याने विचारलं, "नळी मोजलीस?"

मोजली नव्हती. पाकिटावरचा आकडा वाचला होता.

इथे थोडं थांबून ही वस्तू काय ते सांगायला हवं. ठासणीची बंदूक मागून उघडत नाही. दारू तोंडातून ओतायची, तिच्यावर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. इंग्रजीत या बंदुकीला तोंडावरून नाव पडलं, मराठीत ठासण्यावरून. मला आपलं नाव जास्त पटतं, कारण या बंदुकीचं सगळं सुखदुःख गजाशी आहे. मागून उघडणाऱ्या बंदुकीत साफ करायचा ब्रश एका टोकाने घालून दुसऱ्या टोकाने काढता येतो. इथे एक टोक कायमचं बंद. जे आत जाईल ते त्याच वाटेने परत यायला हवं. मावशीच्या घरातल्या अरुंद बोळासारखं: आत शिरताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन शिरता येतं, पण वळता येत नाही.

जाताना आणि येताना एकाच बोंडीची मापं वेगळी होतात, ही गोष्ट मला त्या दुपारी कळली. दाबताना चिंधी बोंडीवर ताणली जाते, मागे सरकते, पातळ होते. ओढताना तीच चिंधी उलटी फिरून बोंडीच्या पाठीवर गोळा होते, तिच्या चुण्या पडतात. म्हणून चांगली बोंडी बोअरला, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाला, नेमकी कधीच नसते. ती मुद्दाम लहान केलेली असते, अंगावर गोल खाचा असतात, आणि परत येताना गोळा होणाऱ्या चिंधीला जागा ठेवलेली असते.

म्हाताऱ्याने मोजायच्या पिना काढल्या. नळी निघाली ०.५०१ इंच. माझी बोंडी ०.४९०. पायजम्याचं फ्लॅनेल ३० थाऊ. (इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्या शॉपफ्लोअरवर 'थाऊ' म्हणतात, कारखान्याबाहेर हा शब्द वापरला की लोक चायनीज पदार्थ समजतात.) दोन्ही बाजूंचं मिळून ६०. बेरीज ०.५५०. एकोणपन्नास थाऊ जादा माल मी त्या नळीत कोंबला होता. कापड दबतं म्हणून गेला, आणि कापड फुगतं म्हणून अडकला. दुसरी एक बोंडी त्याच्या डब्यात होती, ०.४७५ची. तिच्यावर १८ थाऊची सुती चिंधी घातली की ०.५११. नळीत आतून पिळदार कोरलेल्या पन्हळी सुमारे दहा-दहा थाऊ खोल, म्हणजे पन्हळीच्या तळापासून समोरच्या तळापर्यंत ०.५२१. तेव्हा ही चिंधी उंचवट्यांवर दाबून बसते आणि पन्हळीत फुगून उतरते. हात घट्ट लागतो, पण चालतो. बोंडी आणखी लहान घेतली तर ती उंचवट्यांवरून नुसती फिरून येते, पन्हळीतली काजळी जागच्या जागी राहते आणि माणूस स्वच्छ चिंधी बघून समाधानाने झोपतो. ते अडकण्यापेक्षा वाईट, असं माझं मत झालं आहे. अडकलेलं निदान दिसतं.

सुटका कशी झाली ते सांगतो, कारण ती मला अजून आठवली की गंमत वाटते. रायफलच्या मागच्या अंगाला, ज्यावर ठिणगी देणारी टोपी बसते आणि घोडा आपटतो, ते एक लहानसं पोकळ निपल असतं. म्हाताऱ्याने ते पान्याने काढलं. मग गाडीच्या ग्रीसचं निपल घेऊन त्याच भोकात फिरवलं. गपकन बसलं! अमेरिकन बनावटीच्या अनेक ठासणीच्या बंदुकांच्या निपलचे आटे पाव इंचाचे, इंचाला अठ्ठावीस. आणि ग्रीसच्या नेहमीच्या निपलचे आटेही तेच. ग्रीसगन लावली, चार-पाच पंप मारले, आणि गज आपणहून कण्हत वर येऊ लागला. नंतर ते ग्रीस पुसण्यात आमची संध्याकाळ गेली. ही सगळी कसरत नळीत दारू नाही याची आधी खात्री झालेली असेल तरच करायची.

या निपलच्या मापात आणखी एक खोडा आहे. काही आयात बंदुकांचं निपल सहा मिलिमीटरचं, पाऊण मिलिमीटर पिचाचं असतं. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पाव इंचाच्या भोकात सहा मिलिमीटरचं निपल दोन आटे धरल्यासारखं करतं, आणि बार उडाला की ते मागे, म्हणजे डोळ्याच्या दिशेला येऊ शकतं. पानाही तसाच. त्याची खाच निपलच्या चपट्या बाजूंना नेमकी बसली नाही तर बाजू गोल होतात, आणि गोल झालेलं निपल काढायला मग नळीच कारागिराकडे न्यावी लागते. स्क्रूड्रायव्हरचंही तेच. लॉकच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, स्क्रूंची डोकी एकेक करून चाचपून बघा: आधीच्या मालकाने हार्डवेअरच्या दुकानातला निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरला होता की समांतर पात्याचा, हे त्यावरून लगेच कळतं.

हे सगळं करायचंच कशाला? दोन बार झाल्यावर रायफल कोपऱ्यात ठेवली तर काय बिघडतं? बिघडतं ते काळ्या दारूमुळे. तिच्यात सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घन क्षार म्हणून उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून निघून जातो, उरलेला नळीला चिकटतो. त्या क्षारांत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हे आपल्या आजीच्या ओळखीचं, चुलीच्या राखेत हेच असतं. हवेतलं पाणी ओढून घेण्यात ते पटाईत. म्हणजे रात्रभर नळीत एक ओलसर, खारट लेप बसून राहतो आणि सकाळी लोखंडावर तांबूस छटा येते. तेलाने हा लेप जात नाही. पाण्याने जातो, कारण क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून शेकडो वर्षं लोक या बंदुका पाण्याने धूत आले, आणि पाणी पडल्याबरोबर नासलेल्या अंड्यासारखा जो वास सुटतो तो गंधकाच्या क्षाराचा. उकळतं पाणी घातलं तर नळी तापून लगेच वाळते, हा जुन्यांचा फायदा. पण तापलेल्या उघड्या लोखंडावर डोळ्यांदेखत बारीक गंज धरतो, ही आताच्यांची तक्रार. म्हातारा कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण वापरायचा. शेवटी कोरड्या चिंध्या, मग तेल.

साफसफाईची ही अवजारं हा इतिहासातला दुय्यम विषय नाही, हे मला फ्रेंडशिपला गेल्यावर कळलं. कोलंबसपासून तासाभराहून थोड्या जास्त अंतरावर, लॉफरी नावाच्या ओढ्याकाठी हे खेडं आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेचं मैदान इथे आहे. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, माणसं हरणाच्या कातड्याचे अंगरखे घालून, तंबू ठोकून इथे नेमबाजी करतात. पलीकडे जत्रेसारखा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल, पण अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात १८९८पर्यंतची हत्यारं आणि ठासणीच्या बंदुकांच्या बहुतेक नव्या प्रतिकृती 'पुरातन' सदरात मोडतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्या टपालाने मागवता येतात. इंडियानात डिसेंबरमध्ये हरणांसाठी खास ठासणीच्या बंदुकांचा हंगामही असतो.

बाजारात एका फळीवर नुसती गजाची टोकं मांडलेली होती. शे-दीडशे तरी असतील. चिंधी धरणाऱ्या बोंड्या, हरवलेली चिंधी पकडून आणायचे दोन शेपटांचे मळसूत्री काटे, अडकलेल्या शिशाच्या गोळीत घुसवून ती ओढायचे स्क्रू, तळाची पापुद्री खरवडायची चपटी पाती. विकणारा प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारत होता: गजाचे आटे कुठले, आणि तळ कसला? आट्यांचं उत्तर बहुतेक वेळा आठ-बत्तीस किंवा दहा-बत्तीस. जाड गजाला दुसरे, बारीक गजाला पहिले. आठ-बत्तीसची बोंडी दहा-बत्तीसच्या भोकात सैल बसते आणि नेमकी तळाशी गेल्यावर सुटून राहते. तळाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. काही नळ्यांचा तळ सपाट असतो. पण हॉकेन पद्धतीच्या अनेक रायफलींत तळाला बोअरपेक्षा अरुंद अशी दारूची कोठी असते. बोअरच्या मापाची बोंडी त्या कोठीच्या काठावर टेकते, माणसाला वाटतं तळ आला, आणि सगळ्यात जास्त काजळी जिथे बसते ती जागा कोरडीच राहते. तिथे बोअरहून बराच बारीक, तीस-पस्तीस कॅलिबरचा ब्रश पाठवावा लागतो. ब्रशबद्दल त्याने एक ताकीद दिली. पितळी तारांचा ब्रश बंद नळीत उलट फिरत नाही, तारा टोचून अडतात. अडला तर नुसता ओढू नका, गज घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत ओढा, म्हणजे तारा दुसऱ्या बाजूला झुकतात आणि आटेही सुटत नाहीत.

जुन्या रायफली हे प्रश्न अंगावर घेऊन फिरत असत. पेनसिल्व्हेनियाच्या अठराव्या शतकातल्या लांब रायफलींच्या दस्त्यात पितळी झाकणाची एक डबी कोरलेली असते, तेल लावलेल्या चिंध्यांसाठी. इंग्रजांच्या फौजेत १८०० साली आलेल्या बेकर रायफलीच्या दस्त्यातही अशी डबी होती. बेकरची चिंधीतली गोळी पन्हळीत इतकी घट्ट बसायची की सुरुवातीला शिपायांना लहान लाकडी हातोडेही दिले होते. पुढे ते मागे पडले. रणांगणावर एका हातात रायफल आणि दुसऱ्यात हातोडा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्र डोळ्यासमोर आलं की फिट चुकण्याची किंमत कळते.

आणि मग एनफिल्ड. शाळेत आपण १८५७च्या उठावातली काडतुसं चरबीच्या धड्यात शिकतो. धर्माचा आणि विश्वासाचा तो प्रश्न होताच, त्यात मी हात घालत नाही. पण ती चरबी तिथे का होती, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. १८५३ची एनफिल्ड ही ठासणीची रायफल होती. बोअर ०.५७७ इंच, तीन पन्हळी. काडतुसाचा कागद फाडून दारू ओतायची आणि गोळीकडचा कागद चरबी-मेणात बुडवलेला असायचा, तो गोळीसकट आत. गोळीचा व्यास ०.५६८. म्हणजे सगळी मिळून नऊ थाऊंची मोकळीक, त्यातही कागद. पहिल्या काही बारांनंतर काजळीने ती मोकळीक भरून निघे. चरबी काजळी मऊ ठेवायची, म्हणून गोळी खाली जायची. हिंदुस्थानच्या उन्हात चरबी कागदात मुरली की गोळी अर्ध्यावर अडे. लढाईत हा अनुभव आल्यावर इंग्रजांनी गोळी ०.५५०वर आणली; तिच्या पोकळ बुडातल्या लाकडी बुचाने ती बार उडताना फुगून पन्हळीत बसे. अठरा थाऊ. पायजम्याच्या चिंधीपुढे मी जिथे हरलो, साम्राज्यही तिथेच अडलं होतं, हे वाचून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

फ्रेंडशिपच्या मैदानावर मला सगळ्यात आवडली ती गोष्ट मात्र फुकटची होती. बहुतेकांच्या गजावर दोन रेघा होत्या. नळी रिकामी असताना गज तळाला टेकवून तोंडाशी एक रेघ. नेहमीचा बार भरून दुसरी. रायफल हातात घेतली की प्रथम गज सोडायचा आणि कुठली रेघ तोंडाशी आली ते पाहायचं. जुलै १८६३मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून हजारो बंदुका गोळा केल्या गेल्या. त्या वेळच्या मोजणीत सुमारे २७ हजारांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या कित्येकांत एकावर एक दोन, तीन, त्याहूनही जास्त बार ठासलेले होते. गोंधळात टोपी उडाली की बार उडाला असं वाटायचं, आणि पुढचा त्याच्यावर बसायचा. गजावरची रेघ बघायला तिथे कोणाला उसंत होती!

ती रेघ बघताना मला कुडाळ तालुक्यातला माझा मामा आठवला. त्याच्या गजावर खिळ्याने ओढलेल्या दोन खाचा आहेत. लहानपणी मी त्या मोजपट्टीच्या समजायचो. मामाकडे शेतीसंरक्षणासाठीची ठासणीची बंदूक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे, आणि सिंधुदुर्गात अशा बंदुका घरोघरच्या माळ्यांवर सापडतील. वन्यप्राणी मारायला १९७२च्या कायद्याने बंदी, त्यामुळे मामा बहुतेक वेळा नुसता दारूचा बार काढतो. केलडी, म्हणजे माकडं, आणि डुकरं आवाजाने पळतात, निदान पळायची. नळी आत गुळगुळीत, पन्हळी नाहीत. गोळीवर चिंधी नाही, दारूवर काथ्याचा बोळा. साफ करायला विकतची बोंडी नाही. गजाच्या टोकाला सुईसारखं नेढं आहे, त्यातून फडकं ओवायचं आणि हवे तेवढे वेढे घालायचे. सैल वाटलं तर एक वेढा जास्त. मग गरम पाणी, मग खोबरेल. बंदूक हातात घ्यायला मिळावी म्हणून मी हट्ट धरला की तो आधी म्हणे, "आदी गज घाल. गज खंय अडता तां बघ. मगे बोल."

दिवाळीला गावी जायचं ठरलं तेव्हा मी म्हाताऱ्याच्या लेथवर मामासाठी एक पितळी बोंडी केली. माप नव्हतं. फोनवर विचारलं तर मामाने सांगितलं, करंगळी आत जाते, अंगठा जात नाही. मी करंगळी मोजली, अंगठा मोजला आणि अंदाजाने मधलं माप घेतलं. टूलरूममध्ये असं केलं असतं तर माझ्या फोरमनने मला गेटबाहेर बसवलं असतं. खंडेनवमीला आम्ही त्या टूलरूममध्ये मायक्रोमीटर आणि गेजना झेंडू वाहायचो. त्या गेजांची मला लाज वाटली.

२०२४ची दिवाळी. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. मी ओटीवर बोंडी काढून ठेवली. मामाने ती नखाने वाजवून बघितली, उजेडात धरली, आणि आत जाऊन एक कागद आणला. पोलीस ठाण्याची पावती. बंदूक जमा होती. मतदान २० नोव्हेंबरला, त्यानंतर केव्हातरी परत. मामाला तिच्या अंगावर तेल राहील का याची चिंता. पावसाळा संपल्यावर त्याने साफ करून ठेवली होती, पण जमा करताना घाईत तेलाचं फडकं फिरवायचं राहून गेलं होतं. त्याची चूक त्यालाच बोचत होती. माझं रजेचं तिकीट चार दिवसांवर आलेलं. मी बोंडी त्याच्याकडेच ठेवून परतलो.

डिसेंबरात त्याचा फोन आला. कोलंबसला सकाळ होती, बर्फ पडत होतं, शेजारचा म्हातारा फाटक मोकळं करत होता. बंदूक मिळाली होती. नळीला आतून तांबूस रंग धरलेला, पण खोल नाही.

"आणि बोंडी?" मी विचारलं.

"तुझी बोंडी आत जाता, पण डुगडुगता. दोन फडके गुंडाळूचे लागतत."

"फडक्याची जाडी किती?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग मामाने, लहान पोराला विचारावं तसं, विचारलं, "जाडी मोजूक कित्याक व्हयी? फडको फाटलो की कळता."

"बरं, मग गज कुठे अडतो?"

"वरच्या खाचेर," मामा म्हणाला. "रिकामी आसा. काळजी करू नको." मागून मामी कोणाला तरी चहा घेऊन जायला सांगत होती. फोन ठेवून मी खिडकीपाशी गेलो. म्हाताऱ्याने फावडं टेकून हात वर केला, तेव्हा त्याला सांगायला बाहेर पडलो की दोन चिंध्या लागल्या.